रेघ कुठे मारायची

पेन्शनच्या कचेरीतल्या बाबूने कागद पुन्हा एकदा पहिल्यापासून चाळले आणि चष्मा कपाळावर ढकलला, तेव्हाच धाकटी काय ते समजली. कचेरीतला माणूस चष्मा कपाळावर ढकलतो तो काही आनंदाची बातमी सांगायला नव्हे.

"कँटीनमधली वर्षं बरोबर आहेत," बाबू म्हणाला. "पण तेवढ्यावर पेन्शन बसत नाही. लाँड्रीतली सात वर्षं धरली तर बसते. आणि ती सात कागदावर कुठेच नाहीत."

"कागदावर नसतील, माझ्या गुडघ्यांत आहेत की," धाकटी म्हणाली.

"गुडघे अर्जाला जोडता येत नाहीत हो, मावशी."

शेजारी उभ्या असलेल्या सुनेला याचा राग आला. धाकटीला नाही आला. माणूस खरं तेच बोलत होता, आणि वाईट तोंड करून बोलत नव्हता. त्यानेच पुढे विचारलं, "पगार हातात मिळायचा की बँकेत?"

"बँकेत. लाँड्रीच्या कोपऱ्यावरच होती बँक."

"मग झालं तर! लाँड्री बंद पडली तरी बँक काही हवेत विरत नाही. तिथून जुन्या खात्याचं स्टेटमेंट आणा. दर महिन्याला लाँड्रीचा पगार जमा झालेला दिसला की माझं समाधान. पुढचं मी बघतो."

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला धाकटी का म्हणायचं, हे सांगायला हवं. पाच भावंडांत ती शेवटची. विसाव्या वर्षी लाँड्रीत लागली, तर तिथेही वयाने सगळ्यांत लहान. दोन्हीकडून एकच हाक, मग ती चिकटणार नाही तर काय. आता केस पिकले, लेकाचं लग्न झालं, तरी जुन्या माणसांच्या तोंडी ती धाकटीच.

आणि पेन्शनवाचून तिचं काय अडलं होतं, तेही सांगायला हवं. एका मोठ्या कँटीनच्या मोरीत ती दिवसभर उभ्याने भांडी घासायची. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, अजून दोन वर्षं अशा उभ्या राहिलात तर पुढे उठवायला माणूस लागेल. लेक-सून म्हणायची, "सोडा ती नोकरी, आम्ही आहोत ना." ते आहेत हे तिला ठाऊक होतं. पण आपण हात पसरायचे ते चादरीची घडी घालायला, एवढाच त्या हातांना सराव. पोटच्या पोरापुढेसुद्धा दुसऱ्या कारणाने पसरायचे म्हटलं की तिला रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही. आपल्या कष्टाचं आपल्याला मिळावं आणि ताठ मानेने घरी बसावं, इतकंच तिला हवं होतं. ते आता त्या सात वर्षांवर येऊन अडलं होतं.

कोपऱ्यावरची ती छोटी बँक केव्हाच एका मोठ्या बँकेच्या पोटात गेली होती. सासू-सुना मोठ्या बँकेत गेल्या. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणून सांगितलं, तिसरीवर मात्र एक जाड भिंगांची मुलगी बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेणारी खिडकी सापडली की अर्धं काम झालं, असं धाकटीचं म्हणणं, आणि ते काही खोटं नाही.

"त्या छोट्या बँकेचे कागद आहेत खाली तळघरात," मुलगी म्हणाली. "त्या लोकांनी काही टाकलंच नव्हतं. मोडक्या खुर्च्यासुद्धा जपून ठेवल्यात. पण मावशी, या महिनाअखेरीला तळघर रिकामं होणार. सगळे कागद लगद्याला जाणार. आलात ते बरं झालं. मी शोधते, परवा या."

परवा गेल्या, तर मुलीच्या केसांत धूळ, बाहीवर जाळी, आणि चेहरा मात्र परीक्षेत पहिली आल्यासारखा.

"मिळालं! सात वर्षं, दर महिन्याला लाँड्रीचा पगार. एक महिना चुकलेला नाही."

मध्ये काच नसती तर धाकटीने तिला तिथेच कवटाळलं असतं. "तुझं भलं होवो गं बाई," ती म्हणाली. "देतेस ना मग?"

"देते. फक्त सही जुळवून घेऊ. खात्यावर तुमचं माहेरचं नाव आहे, ओळखपत्रावर लग्नानंतरचं. फोटो तेव्हा घेत नव्हते. मग खातं तुमचंच हे ठरवायला राहिली ती सही. खातं उघडताना केलेली सही कार्डावर आहे. तशी एक करा इथे."

एवढंच ना! धाकटीने पेन घेतला आणि झोकात सही केली. नुसतं नाव, तीन अक्षरं, तेव्हा करायची तशीच. मुलीने कार्डाकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं.

"पुन्हा एकदा करता का? सावकाश."

धाकटीने सावकाश केली. मुलीने मान हलवली. "नाही जुळत, मावशी."

"जुळत नाही म्हणजे? नाव माझं, हात माझा, आणि माझीच सही मला जुळत नाही?"

"आई, हळू," सून म्हणाली.

"हळूच बोलतेय मी! हिला विचार!"

मुलीने पाण्याचा पेला काचेखालून पुढे सरकवला. नियम असा होता की आणखी एकदाच सही करता येईल. तीही जुळली नाही तर अर्ज मुख्य कचेरीत जाणार, आणि तिथून उत्तर येईपर्यंत महिनाअखेर कधीच उलटून गेलेली असणार. तोवर धाकटीची सात वर्षं कुठल्यातरी पुठ्ठ्याच्या खोक्यात जमा.

"मला कार्ड दाखवायची परवानगी नाही," मुलीने आवाज खाली आणला. साहेबांच्या काचेच्या खोलीकडे एक नजर टाकली. "अक्षरं जुळतात, एवढं सांगते. पण… जाऊ दे. एक विचारू? सही करायला तुम्हाला शिकवलं कुणी?"

"आमच्या तोफबाईंनी."

"आहेत त्या?"

"असायला हव्यात. ऐंशीच्या पुढे असतील आता."

"मग तिसरी सही करायच्या आधी त्यांना भेटून या," मुलगी म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या संध्याकाळी घरात कागदांचा नुसता खच पडला. धाकटी सही करायची, सून बघायची. तिरकी करून झाली, मोठी करून झाली, हात थरथरवत करून झाली. लेक कामावरून आला तेव्हा आईने जेवणाच्या टेबलावर आपलं नाव शंभरदा लिहिलेलं बघून त्याला वाटलं, हिला शाळेत शिक्षा झाली की काय.

"आई, तुमची सही आहे ती अशीच आहे," सून शेवटी म्हणाली. "मी या घरात आल्यापासून बघतेय."

"तू कालची आलीस. मी त्याच्या आधीची विचारतेय."

पण आधीची कशी होती ते तिलाही सांगता येईना. लाँड्रीत असताना ती नाव तेवढं काढायला शिकली होती. बाकी लिहिणं-वाचणं आलं ते लेकाबरोबर, तो पहिलीत गेला तेव्हा. तो पाटीवर गिरवायचा, ही त्याच्या डोक्यावरून बघून जमिनीवर बोटाने गिरवायची. त्यात तिचं स्वतःचं नावसुद्धा कधी कसं बदललं, तिला पत्ता नव्हता. आपली पूर्वीची चाल कशी होती हे कुणी सांगू शकतं का? तसंच हे.

आता या तोफबाईंविषयी. लाँड्रीच्या घडीखात्याच्या त्या मुकादम. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी वाफेच्या रुळातून कडक होऊन बाहेर यायच्या, आणि त्यांची घडी घालायला लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका समोरासमोर उभ्या. चादर दोघींच्या मध्ये. माझा उजवा तो तुझा डावा, हे अंगात मुरलं नाही तर घडी वाकडी. रुळाचा आवाज असा की शेजारचीला काही सांगायचं तर ओरडायला हवं, आणि तोफबाई ओरडल्या की रूळ लाजायचा. म्हणून नाव तोफ. तोंडावर सगळ्या नुसतं "बाई" म्हणायच्या. जिवाची भीती प्रत्येकीला असते.

अंगठा लावणाऱ्या बायकांना तेव्हा पगार रोख मिळायचा आणि हजेरीवर त्यांचं नाव चढायचं नाही. आज आहे, उद्या नको, जा घरी. तोफबाईंना हे खपायचं नाही. मालकाशी भांडून त्यांनी कबूल करून घेतलं होतं, जिला सही येईल तिचं बँकेत खातं, तिचं हजेरीवर नाव. धाकटी लागून आठवडा झाला नसेल, जेवणाच्या सुट्टीत बाईंनी सगळ्यांच्या आधी तिलाच बोलावलं, फाटकी चादर टेबलावर पसरली, कपड्यांवर खुणा करायची शाई घेतली आणि म्हणाल्या, "नाव सांग. आज ते तुझ्या हातात बसवल्याशिवाय डबा उघडायचा नाही." डबा उघडला होता तो सुट्टी संपायच्या जरा आधी. तो डबा धाकटीला अजून आठवत होता. सही आठवत नव्हती.

तोफबाई भाचीकडे राहतात, एवढं धाकटीला ठाऊक होतं. जायचं जायचं म्हणत जाणं झालं नव्हतं, ते आपल्या सगळ्यांचंच होतं. रविवारी सासू-सुना निघाल्या. तीन जिने चढताना धाकटी प्रत्येक वळणावर थांबली, गुडघ्याला शिव्या दिल्या, पुन्हा चढली.

भाचीने दार उघडलं. खिडकीपाशी एक वाळकी, ताठ म्हातारी बसली होती. तिने डोळे बारीक केले आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धाकटी! अगं, किती म्हातारी झालीस गं!"

"तुम्ही मात्र आहात तशाच, बाई," धाकटी म्हणाली.

"काय?"

"मोठ्याने बोला," भाची म्हणाली. "रुळाने कान खाल्ले त्यांचे."

मग धाकटीने मोठ्याने सगळं सांगितलं. पेन्शन, बाबू, बँक, तळघर, दोनदा न जुळलेली सही. शेजारच्या दोन दारांतून माणसं डोकावून गेली. तोफबाईंनी सगळं ऐकलं, मध्ये एकदाच मान हलवली, आणि सुनेकडे नीट निरखून पाहिलं. "ही तुझी सून?"

"हो."

"गुणाची दिसते. बस गं, अशी इकडे." आणि भाचीला म्हणाल्या, "कॅलेंडरचं जुनं पान आण. आणि जाड पेन."

टेबलाच्या एका बाजूला तोफबाई, समोर धाकटी, कडेला सून. पान मध्ये. तोफबाईंनी पान आपल्याकडे वळवलं नाही. लाँड्रीतली खोड ती, काहीही करायचं ते समोरासमोर. समोरचीला सुलटं दिसावं म्हणून त्या स्वतः उलटं लिहू लागल्या. एकेक अक्षर डोक्यावर उभं करून, सावकाश. धाकटीच्या बाजूने बघावं तर नाव अगदी सरळ उमटत होतं. तीन अक्षरं झाली. बोडकी, वर रेघ नसलेली.

"आता रेघ," तोफबाई म्हणाल्या आणि त्यांनी रेघ ओढली.

ओढली ती आपल्या वरच्या बाजूला. म्हणजे धाकटीच्या खालच्या. अक्षरं सुलटी, आणि त्यांच्या डोक्यावर असायची ती रेघ पायाखाली. दोरीला टांगायचे कपडे फळीवर ओळीने मांडून ठेवावेत, तसं नाव दिसत होतं. आणि तोफबाईंनी डावीकडून उजवीकडे मारलेली ती रेघ धाकटीच्या बाजूने उजवीकडून डावीकडे आली होती.

सुनेचा हात तोंडाकडे गेला. ती काही बोलणार, तेवढ्यात टेबलाखालून धाकटीचा पाय तिच्या पायावर पडला. चांगला जोरात.

"कळलं?" तोफबाईंनी विचारलं.

"कळलं, बाई," धाकटी म्हणाली. "आता मी काढते."

तिने काढलं. आधी अक्षरं, मग खाली रेघ, उजवीकडून डावीकडे. दोनदा रेघ सवयीने वर जायला निघाली आणि दोनदा तिने हात आवरला. मग मात्र हाताला काहीतरी ओळखीचं लागलं. काळोखात चाचपडताना आपल्याच घराची कडी लागावी, तसं. ती दहा वेळा गिरवून झाल्यावर तोफबाई म्हणाल्या, "जमलं. आता खाऊन घे काहीतरी." आणि भाचीने बिस्किटं आणली.

खाली उतरल्यावर सुनेला राहवेना. "आई, रेघ खाली होती! उलटं शिकवलं त्यांनी तुम्हाला!"

"दिसलं मला."

"मग पाय का दिलात? सांगायचं ना त्यांना."

धाकटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली. "काय सांगू? ऐंशी वर्षांच्या बाईला सांगू की तुम्ही चुकलात? अगं, मला त्या घडीखात्यात कुणी विचारत नव्हतं. यांनी आपलं जेवण बाजूला ठेवून माझ्या हातात पेन दिला. मला एकटीलाच नव्हे, सगळ्या घडीखात्याला सही दिली या बाईने. त्या सहीवर खातं झालं, खात्यावर पगार आला, म्हणून आज तळघरात माझी सात वर्षं सापडली. नाहीतर मी होते हे सांगायला कोण होतं? रेघ खाली असेल नाहीतर आभाळात. मी नाही हो सांगणार."

सुनेने वाकून पाय चोळला. मग म्हणाली, "पाय दुखतोय माझा."

"दुखू दे. लक्षात राहील."

सोमवारी बँक उघडताच दोघी खिडकीपुढे. जाड भिंगांच्या मुलीने काही विचारलं नाही, चिठ्ठी आणि पेन पुढे केला. मागे रांग वाढत होती, कुणीतरी खोकत होतं. धाकटीने अक्षरं काढली. पहिलं, दुसरं, तिसरं. हात वर जाऊ लागला. तिने पेन उचलून धरला, एक श्वास घेतला, आणि मनातल्या मनात तोफबाईंना समोर बसवलं. मग रेघ खाली मारली, उजवीकडून डावीकडे, शेवटपर्यंत.

मुलीने चिठ्ठी कार्डाशेजारी ठेवली. वाकून बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, ते तिला आवरेना.

"जुळली," ती म्हणाली. "रेघेच्या शेपटासकट जुळली, मावशी." आणि शिक्का असा हाणला की शेजारच्या खिडकीवरचा माणूस दचकला.

कागदांचा गठ्ठा काचेखालून आला. धाकटीने तो छातीशी धरला आणि म्हणाली, "पोरी, तू तळघरात उतरलीस, धूळ खाल्लीस, आणि तोंड बंद ठेवून मला वाट दाखवलीस. मी कुठल्या शब्दांत सांगू तुला?"

"सांगू नका," मुलगी म्हणाली. "तुमच्या लाँड्रीतल्या आणखी दोघीजणी मागच्या महिन्यात परत गेल्यात. सही जुळली नाही म्हणून. त्यांचे अर्ज अजून माझ्याकडेच आहेत. मला काही सांगता येत नाही. तुम्हाला येतं."

दोघींपैकी एक धाकटीच्या ओळखीची निघाली, तिने दुसरीचा पत्ता दिला. सुनेने एका संध्याकाळी दोघींना घरी बोलावलं. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला धाकटी, समोर त्या दोघी. "रेघ खाली गं, खाली! उजवीकडून!" असा आरडाओरडा चालला होता, आणि लेक आतल्या खोलीत कानात बोळे घालून बसला होता. महिनाअखेरीच्या आत दोघींचे कागद निघाले.

पेन्शनच्या बाबूने धाकटीचं स्टेटमेंट पानापानाने तपासलं आणि चष्मा नाकावरच राहू दिला. "बसली," तो म्हणाला. "पेन्शन बसली, मावशी. आता तुम्हीही बसा." धाकटीने त्याचेही आभार मानले, त्याच्या शेजारच्याचेही मानले, आणि दारातल्या पहारेकऱ्याने काही केलं नव्हतं तरी जाता जाता त्याचेही मानले. कँटीनमध्ये जाऊन तिने हातमोजे परत दिले.

मंजुरीचा कागद हातात आला त्याच दिवशी ती पुन्हा ते तीन जिने चढली. सून भाचीबरोबर स्वयंपाकघरात चहाला गेली. धाकटी तोफबाईंच्या समोर न बसता शेजारी बसली, म्हणजे कमी ओरडावं लागेल.

"मिळाली, बाई! पेन्शन मिळाली! सही जुळली!"

"जुळणारच. शिकवली कुणी होती?" तोफबाई म्हणाल्या. "बरोबर शिकवली होती ना?"

"अगदी बरोबर," धाकटी म्हणाली.

तोफबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. "तुला खोटं बोलायला कधीपासून यायला लागलं गं?"

धाकटीने हातातला कागद उगाच पुन्हा दुमडला.

"रेघ खाली असते, हे मला ठाऊक नाही असं वाटलं तुला?" तोफबाईंना वाटत होतं की आपण कुजबुजतो आहोत. खालच्या मजल्याला ऐकू गेलं असेल. "पहिल्या दिवशी चुकलेच मी. समोरून लिहिण्याच्या नादात रेघ माझ्या हिशेबाने वर मारली, तुझ्या खाली गेली, आणि मला कळलंही नाही. कळलं ते बँकेत, तू कार्डावर सही केलीस तेव्हा. तिथला मिशीवाला कारकून हसला. म्हणाला, ही रेघ खाली कशी, नीट करून आणा. तू तर आधीच पानासारखी थरथरत होतीस. एकदा तुझ्या हातातून पेन काढून घेतला असता तर तू पुन्हा धरला नसतास. अंगठ्यावर गेली असतीस. मी म्हटलं त्याला, ही तिची सही आहे. ती अशीच करते. गुमान चिकटव कार्ड."

"मला वाटलं तुम्ही रांगेवरून भांडताय!"

"रांगेवरून मी कधी भांडते?" मग जरा थांबून म्हणाल्या, "बरं, भांडते. त्या दिवशी नव्हते."

"पण बाई, बाकीच्यांची? त्यांचीही खालीच होती."

"त्यांना मुद्दाम तशी शिकवली. तुझी एकटीची खाली असती तर पगाराच्या दिवशी कुणीतरी बोट दाखवलं असतं. तू घडीखात्यातली सगळ्यांत लहान. म्हटलं, सगळ्यांचीच खाली असू दे. मग कोण कुणाला हसतंय?"

धाकटी त्यांच्या आणखी जवळ सरकली.

"मग त्या रविवारी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "रेघ खाली मार, एवढं म्हणायचं. मी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसले."

"आणि मी तुझी सून बसली होती म्हणून. तिच्यासमोर कशाला सांगू, की तुझ्या सासूची पहिली सही चुकीची होती? पुन्हा शिकवून टाकलं, सोपं. तू सही जुळत नाही म्हणालीस तेव्हाच कळलं मला, हिची रेघ आता वर गेली. म्हणजे माझ्यानंतरही शिकली पोरगी. फार बरं वाटलं मला त्या दिवशी."

धाकटीने तोफबाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि ती रडायला लागली. अंग हलवून, लहान पोरीसारखी, पेन्शनच्या कागदावर पाणी पडेपर्यंत. इतकी वर्षं कुणीतरी आपल्या बाजूने उभं होतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, एवढंच तिच्या मनात येत होतं. "बाई," ती म्हणत होती, "बाई, मी काय करू आता तुमच्यासाठी?"

स्वयंपाकघराच्या दारात सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने पहिल्या शब्दापासून सगळं ऐकलं होतं. ती डोळे पुसायला बघत होती, पण हात रिकामे नव्हते.

तोफबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि धाकटीच्या पाठीवर थाप मारली. "रडू नको गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या सुनेला वाटेल, मी तुला ओरडले."